सुकटीच्या डब्यातले फोटो

बेबी, तुझी उशी खाडीत मीच टाकली.

तुला घेऊन माणसं गेली, मागे बायकांनी घर धुवायला काढलं आणि मी तुझं अंथरूण गुंडाळलं. दिनेश तुला खांदा द्यायला निघण्याआधी मला सांगून गेला होता, "आई, अंथरूण खाडीत नको टाकू. आता कोन टाकत नाय. बाजूला ठेव, पालिकेच्या गाडीत देऊ." मी त्याला म्हटलं, "तुझी आत्या कचरा हाय काय, गाडीत टाकायला?" चार माणसांत मी माझ्या लेकाला गप्प केलं आणि तेव्हा मला त्याचं बरंच वाटलं. तुझ्या आईचं अंथरूण खाडीला दिलं, तुझ्या भावाचं दिलं, मग तुझं का नाही?

तिवरांच्या मागे भरतीचं पाणी होतं. गोधडी टाकली, ती तरंगत राहिली. चादर हळूहळू गेली. उशी उचलली तेव्हा जड लागली. बोटांना आत काहीतरी टणक लागलं. मला वाटलं, जुन्या कापसाची गाठ असेल. टाकली. ती जरा कलंडली आणि आत गेली. माझ्याबरोबर आलेली शेजारची सुमन म्हणाली, "उशी बुडाली गो. बेबीचा जीव कशात तरी अडकलाय." मी म्हटलं, "सुटला बघ आता." पाय धुतले आणि घरी आले. सगळं रीतीनं झालं म्हणून ताठ मानेनं आले.

दोन-तीन दिवसांनी हिरा आली. दारातच बसली, चहा नको म्हणाली. तिच्या मंगेशची तिथी जवळ आली होती. दर वर्षी त्या दिवशी ती तुझ्यापुढे येऊन बसायची आणि तू तिला तिच्या मेलेल्या पोराचे फोटो दाखवायचीस. शाळेच्या गॅदरिंगमधला कोळी झालेला, हळदीत नाचणारा, बापाच्या होडीत उलटा लटकलेला. तिच्या घरात भिंतीवर एकच फोटो आहे, कंपनीच्या ओळखपत्रावरचा मोठा केलेला. त्यात तो हिराला तिचा वाटत नाही. "सायबासारखा दिसतो," असं ती म्हणायची. बाकीचा सगळा मंगेश तुझ्याकडे होता. महाप्याच्या रस्त्यावर तो गेला तेव्हा त्याचा फोनही त्याच्याबरोबर चिरडला. हिराच्या फोनवर तू एकदा ते फोटो घालून दिले होतेस, पण तिनं तो फोन मासळी धुताना पाण्यात पाडला. तेव्हा तू तिला म्हणालीस, "हिरा, फोन म्हंजे पिशवी. पिशवी हरवते. घर माझ्याकडं हाय, घाबरू नको."

तर हिरा दिनेशला म्हणाली, "बेबी नाय तर तू दाखवशील ना रं पोरा?"

"दाखवतो की काकी. आत्याची फोटोंची डिस्क काढतो, घरी जा तुमी, मी हाक मारतो."

ती गेली. दिनेशनं तुझं कपाट उघडलं, पेटी उघडली. मग तो जागेवर थांबला आणि म्हणाला, "आई, आत्या ती डिस्क उशीच्या खोळीत ठेवायची ना?"

मी तांदूळ पाखडत होते. सूप खाली ठेवलं.

बेबी, मला माहीत होतं. हे मला कोणी नव्यानं सांगितलं नाही. भरतीला आपल्या गल्लीत पाणी शिरलं होतं त्या वर्षी तू सगळ्यांआधी उशी छातीशी धरून माळ्यावर चढली होतीस आणि मी खालून ओरडले होते, "आधी तांदळाची गोन घे, उशीला काय करायचं?" तेव्हा तू खोळीची चेन उघडून दाखवली होतीस. त्यानंतर मी तुला किती वेळा चिडवलं, राणीसाहेब खजिन्यावर झोपतात म्हणून. आणि ज्या दिवशी त्या उशीला हात लावला त्या दिवशी माझं लक्ष बायकांकडे होतं. मी नीट करते की नाही हे त्या बघतायत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दिनेशनं डोक्याला हात लावला आणि लगेच काढला. "जाऊ दे. दुसरी सुरेखाताईकडं हाय ना? आत्या बोलली होती, ऐरोलीला ठेवलीय म्हनून. मग काय टेन्शन नाय." आणि माझ्यासमोर त्यानं बहिणीला फोन लावला.

"कसली डिस्क?" सुरेखा म्हणाली. "माझ्याकडं काय नाय दिलेलं. आईला विचार."

दिनेशनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी तो चोरी करून आला की मी त्याच्याकडे अशीच बघायचे.

आता तुला सांगते. तू विचारलं असतंस तर सांगितलं नसतं. तू नाहीस म्हणून सांगते, यातच काय ते समज.

तुझा कंप्युटर बंद पडला तेव्हा तू पूर्वी कामाला होतीस त्या वाशीच्या बंद झालेल्या फोटो स्टुडिओतल्या जुन्या ओळखीनं दोन डिस्क आणल्यास आणि दोन्हींत सगळं सारखं भरलंस. एक मला दिलीस. कानातल्याच्या डबीएवढी प्लॅस्टिकची पिशवी, आत डिस्क आणि बारक्या पांढऱ्या पुड्या. म्हणालीस, "ही सुरेखाकडं ऐरोलीला ठेव."

"ही का नाय ठेवायची हितं?"

"दोन डिस्क एका घरात म्हंजे एकच डिस्क, वयनी. घर जळलं तर दोन्ही जळतील. पानी आलं तर दोन्ही भिजतील."

"लेकीच्या घरी आपली वस्तू ठेवत नाय."

"वस्तू कसली? फोटो हाईत."

"फोटो असो नायतर सोनं असो. उद्या तिची सासू बोलंल, आज आयनं डबा आनून ठेवला, उद्या खाट आनंल."

तू खूप हसलीस. "तिची सासू पन त्याच डब्यात हाय, वयनी. लग्नात जेवताना काढलीय मी तिला. तोंडात लाडू."

मी हसले नाही. मी चौथी शिकले, पण लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जपून प्यायचं हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. माझी आई उरणहून माझ्याकडे यायची तेव्हा दारात उभी राहून निघून जायची. मी लेकीच्या घरी ठेव ठेवली असं कोणी म्हणालेलं मला चाललं नसतं. आता सुरेखाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, माझी सासू माझ्याच घरी तिचं लोनचं, पापड, जुनी भांडी, सगळं ठेवते. एक डिस्क मला जड झाली असती?"

नातवाच्या वाढदिवसाला मी ऐरोलीला गेले तेव्हा डिस्क माझ्या पिशवीत होती. केक कापला, जेवले, आणि डिस्क घेऊन परत आले. तू दारातच विचारलंस, "दिली?"

"दिली."

"कुठं ठेवली तिनं?"

"कपाटात. साड्यांच्या मागं."

खोटं बोलायचं तर एवढं बारीक कशाला बोलले, कळत नाही. साड्यांचं कपाट मी त्याच दिवशी बघून आले होते म्हणून असेल. तू खूश झालीस. म्हणालीस, "बरं केलंस. तुझा जीव वर आला असंल, मना माहीत हाय." तू मला त्याबद्दल शाबासकी दिलीस, बेबी, आणि मी ती घेतली.

मग ती डिस्क मी ठेवली कुठे? फेकून दिली नाही, एवढं माझ्या बाजूनं सांगते. घरातली सगळ्यात कोरडी जागा शोधली. माळ्यावर गळतं, कपाटाला बुरशी येते, देव्हाऱ्याजवळ दिवा. पण माझा सुकटीचा डबा असा आहे की भर पावसात उघडला तरी सुकट कुरकुरीत. गावात कोणाची सुकट तशी राहत नाही, माझी राहते. मी डिस्क फडक्यात बांधली आणि डब्याच्या तळाला ठेवली, वर जवळा. त्या पांढऱ्या पुड्यांवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं आणि औषधासारख्या दिसत होत्या. खाण्याच्या डब्यात विष नको म्हणून पुड्या आधी फेकल्या. त्या पुड्याच ओल शोषून घेतात, त्याच तर खरं काम करतात, हे मला दिनेशनं नंतर सांगितलं. तू सांगितलं नव्हतंस. तू सांगायला हवं होतंस. नाही, तू कशाला सांगशील? तुझ्या हिशेबानं ती साड्यांच्या मागे होती.

दिनेशसमोर मी डबा काढला. जवळा परातीत ओतला, तळातलं फडकं सोडलं. डिस्क वरून बरी दिसत होती. मला वाटलं, बघा, राहिली ना. मग त्यानं ती बाजूनं फिरवली. वायर जिथे लावतात तिथे हिरवं आलं होतं, तांब्याच्या घागरीला येतं तसं.

वाशीला दुरुस्तीवाल्याकडे मीही गेले. दिनेश नको म्हणत होता. मी म्हटलं, माझ्या हातचं आहे, मी येणार. दुकानातल्या माणसानं डिस्क उघडली आणि नाक मुरडलं.

"मावशी, हिला वास कसला येतोय?"

"सुकटीचा."

"म्हंजे?"

"सुकटीच्या डब्यात ठेवली होती. कोरडी राहावी म्हनून."

तो हसेल असं मला वाटलं. हसला असता तर मी त्याला काहीतरी बोलले असते आणि मला सोपं गेलं असतं. त्यानं नुसतं सांगितलं, "मीठ हवेतलं पानी ओढून घेतं, मावशी."

बेबी, मी जन्मभर मीठ हाताळलं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते, चमचा आत चिकटतो, हे मला त्या पोरवयाच्या माणसानं सांगायचं? माझी सुकट कुरकुरीत राहते कारण मी दर उघडीपीला ती उन्हात पसरते. डबा काही करत नाही, मी करते. ते मला ठाऊक असूनही मी डब्याला शहाणा समजत राहिले. आणि सुकट वाळत घालताना मी दर वेळी तळाचं फडकं उचलून बाजूला ठेवायचे, सुकट भरताना परत तळाला घालायचे. डिस्क एकदाही उन्हात ठेवली नाही, तुला दिसेल म्हणून.

तुझ्या फोनात काय आहे ते दिनेशनं बघितलं. अलीकडचं सगळं: आपली मांजर, दवाखान्याची खिडकी, एक फुटलेली बादली. ती का काढलीस देव जाणे. नेटवर जेवढं फुकट मावतं तेवढं तू चढवलं होतंस, तेही तो उघडून बसला. त्यातही नवीनच. जुनं सगळं या दोन डिस्कांत. तू करायचं ते सगळं केलं होतंस. दोन ठिकाणी ठेव, एक घराबाहेर ठेव, भिजू देऊ नको. एवढं साधं होतं. दोन्ही ठिकाणी मध्ये मी आले.

शेवटी दवाखान्यातून तुला घरी आणलं तेव्हा तुला बोलायला त्रास होत होता. तू म्हणालीस, "वयनी, एक बरं. ऐरोलीला हाय." मी तुझ्या पायांवरून हात फिरवत होते. त्या वेळी सांगता आलं असतं. दिनेश डिस्क त्याच दिवशी सुरेखाकडे टाकून आला असता, किंवा निदान डब्यातून तरी काढली असती. मी म्हटलं, "हाय ना. झोप." तू झोपलीस. लोक मला म्हणतात, बेबी शांतपणे गेली, तू फार केलंस तिचं. मी मान हलवते.

तुझ्याशी माझं भांडण तसं जुनंच आहे. सासरहून परत आलीस तेव्हा मी तुला धड घरात घेतलं नाही. तू फोटो काढत गावभर फिरायचीस तेव्हा मी म्हणायचे, फोटो काय चावायचे काय? त्यावर तुझं उत्तर ठरलेलं होतं, "तू मेलीस की बघ, सगळे माझ्याकडंच येतील, यमुनीचा चांगला फोटो दे म्हनून." तुला वाटायचं मी आधी जाणार. मलाही तसंच वाटायचं. आपण दोघींनी त्यावर इतकं भांडून घेतलं की तू आधी गेलीस तर काय, हे बोलायचंच राहिलं.

दुरुस्तीवाल्यानं बराच वेळ घेतला. मधल्या काळात मंगेशची तिथी गेली. दिनेशनं तिला सांगितलं, डिस्क दुरुस्तीला दिलीय. ती म्हणाली, "होऊ दे सावकाश. बेबीनं ठेवलंय ना, मग काय घाबरायचं नाय." तिनं हे म्हटलं तेव्हा मी आत जाऊन भांडी घासली, जी घासलेलीच होती.

शेवटी दिनेश एक पेनड्राइव्ह घेऊन आला. तुझे कप्पे दिसत होते, बेबी. तू घराघराच्या नावानं कप्पे केले होतेस ते मला माहीत नव्हतं. सुमनकडचं. शाळा. होळी. हिराकडचं. नावं सगळी आली होती. हिराकडचं उघडलं तर आत चौकोन होते, एकामागे एक, राखाडी. काही फोटोंना वरची पट्टी होती, आभाळ आणि होडीचं टोक, त्याखाली काही नाही. दिनेश प्रत्येक चौकोन दाबून बघत होता. मी म्हटलं, "पुरे."

मग मी हिराकडे गेले. दिनेश म्हणाला, आई, डिस्क खराब झाली एवढंच सांग, यंत्र आहे, होतं असं. ते खोटं नव्हतं. पण मी सगळं सांगितलं. उशी, ऐरोली, साड्यांचं कपाट, सुकट. हिरा बोंबील साफ करत होती, तिचा हात थांबला नाही. शेवटी म्हणाली, "बेबीला ठाऊक होतं?"

"नाय. तिला वाटत होतं ऐरोलीला हाय."

"म्हंजे ती सुखानं गेली."

"हो."

"मग मना कशाला सांगितलंस? मी पन तशीच गेली असती."

मला वाटलं होतं, ती मला शिव्या देईल, तोंडावर मारेल, गावभर सांगेल. तशी तयारी करून गेले होते. ती मला बोलली असती तर माझं जरा हलकं झालं असतं, आणि मी त्याच हलकं होण्यासाठी तिथे गेले होते, हे मला तिच्या त्या एका वाक्यानं दाखवलं. तिनं बोंबलाचं पातेलं उचललं आणि आत गेली. मी पायरीवरून उठून घरी आले.

एक कप्पा पूर्ण आला होता, बेबी. तो मी तेव्हा उघडला नव्हता, नाव वाचूनच दिनेशला बंद करायला सांगितलं होतं. "वयनी." मला फोटो काढलेला आवडत नाही, कॅमेरा बघितला की मी पदर तोंडावर घेते, हे तुला माहीत. म्हणून तू मला न सांगता काढत राहिलीस. सुकट पलटताना. शेजारणीशी भांडताना, हात वर. उन्हात डोळे बारीक करून तुलाच काहीतरी शिव्या देताना. नवऱ्याच्या दहाव्याला भिंतीला टेकून बसलेली. केस काळे असल्यापासून पार आत्तापर्यंत. सगळे स्वच्छ. एकालाही डाग नाही.

काही दिवसांनी हिरा आपणहून आली. म्हणाली, "दिनेश सांगत होता, तुझे निघाले."

"निघाले."

"दाखव."

दिनेशनं लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. ती माझे फोटो बघायला लागली, पण मला बघत नव्हती. ती कोपरे बघत होती. माझ्या मागे कोण उभं आहे, दारातून कोण चाललंय, बाजूला कोणाचा हात आहे. प्रत्येक फोटोवर ती थांबायची आणि चेहरा पडद्याजवळ न्यायची. दिनेश पुढचा पुढचा काढून देत होता. एका फोटोत मी अंगणात सुपात जवळा घेऊन वाकले आहे आणि मागे कोणाची तरी अर्धी पाठ आहे, निळ्या चौकड्यांचा शर्ट. हिरानं बोट ठेवलं.

"हा."

मी बघितलं. दिनेशनंही बघितलं. सांगायचं त्यानं माझ्यावर टाकलं.

"हिरा, तो दिनेश हाय," मी म्हटलं. "त्याचा शर्ट हाय तो. मी धुवायचे."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "मंगेशला पन होता तसाच. दोघांनी एकत्र घेतले होते, गनपतीला."

"हो, पन हा दिनेश हाय."

"असूं दे. मना हा काढून दे."

तो फोटो तिनं मोठा करून भिंतीवर लावला आहे, ओळखपत्राच्या शेजारी. काल मी तिच्याकडे गेले होते. ती मला आत बोलावत नाही, पण उठही म्हणत नाही, म्हणून मी पायरीवर बसले. तिथून तो फोटो दिसतो. मागची पाठ कडेला कापली गेली आहे, जेमतेम खांदा उरला. पुढे सुपावर वाकलेली, दात दिसतात अशी, पूर्ण आली आहे ती मी, यमुना, बेबीची वयनी. मी जिवंत आहे आणि घणसोली गावातच राहते.